वरंधा घाटातला गुरुवार

भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हसतात. रविवारी पोरे घरी आणि बाप मशीनवर, गुरुवारी बाप घरी आणि पोरे शाळेत. नोकरीची पहिली काही वर्षे माझी याच गोष्टीवर चिडचिड होत असे. पुढे मी एक जुनी हिरो होंडा स्प्लेंडर हप्त्याने घेतली आणि गुरुवारचे मोल कळले. गुरुवारी घाट मोकळा असतो.

आपल्याकडे प्रवास म्हणजे कामाचा प्रवास. लग्न, मयत, कोर्टाची तारीख, नाहीतर १४ एप्रिल, ६ डिसेंबर, २० मार्च. त्याही प्रवासात आपण बहुतेक उभेच असतो, ट्रकच्या फाळक्याला धरून किंवा एस.टी.च्या दांडीला लोंबकळून. नुसता डोंगर बघायला म्हणून कोणी घराबाहेर पडला तर वस्तीत लोक विचारतात, "काय काम काढलं?" काम काही नाही म्हटले की त्यांना वाटते हा काहीतरी लपवतोय. माझ्या आईलाही आधी तसेच वाटले होते.

सह्याद्रीच्या घाटांचा 'सीझन' म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टात ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी या घाटांत गाड्यांच्या रांगा लागतात. धबधब्याखाली नाच चालतो, गाडीतल्या गाण्यांचा आवाज दरीभर घुमतो, आणि भजी खाऊन कागद तिथेच टाकला जातो. खरे सांगायचे तर त्या दिवसांत घाट दिसतच नाही. दिसते ते धुके आणि पुढच्या गाडीचा लाल दिवा. शिवाय दरडीचे भय आहेच. २२ जुलै २०२१ रोजी याच भागातल्या तळिये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या पावसाने वरंधा घाटाचा रस्ताही जागोजागी तुटला. त्यानंतर पावसाळ्यात आणि रस्त्याच्या कामासाठी हा घाट अनेकदा बंद ठेवला गेला आहे. म्हणून कोणाला जायचेच असेल तर त्याने आधी भोरच्या एस.टी. स्टँडवर घाट चालू आहे का ते विचारावे. तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांइतकी पक्की बातमी कोणाकडे नसते.

मी जातो ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. धबधबे आटलेले असतात, गवत सोनेरी होऊन वाळलेले असते, आणि डोंगर आपली हाडे दाखवतो. काळ्या दगडाचे थर एकावर एक आडवे रचलेले स्पष्ट दिसतात. पाणी जिथून कोसळत होते तिथे कड्यावर काळे ओघळ राहतात. पावसात आलेला माणूस पाणी बघून गेलेला असतो, ते पाणी कुठल्या दगडावरून येते हे त्याला माहीत नसते.

फेब्रुवारी २०१९ मधल्या अशाच एका गुरुवारी मी आबांना मागे बसवून वरंधा घाटातून महाडला गेलो. त्या फेरीची ही हकीकत आहे.

आबा म्हणजे माझे वडील. तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. आमचे मूळ गाव बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात आबा सरकारी कामावर खडी फोडायला होते, ऐन बाविशीत. सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाऊन काढलेले ते दिवस. तिथून ते मुकादमाच्या टोळीबरोबर गावोगाव रस्त्याच्या कामावर हिंडले आणि शेवटी पुण्याला येऊन टेकले. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. ते कोणत्या रस्त्यावर राहिले हे ते बरोबर सांगतात.

दर वीस मार्चला आबा वस्तीच्या ट्रकने महाडला जात. मी लहान असताना एकदा त्यांच्या खांद्यावर बसून गेलो होतो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही पोचलोच नाही, एवढी गर्दी. माणसांच्या डोक्यांवरून मला पाणी दिसले, आबांना तेही नाही. "दिसलं का रं?" त्यांनी खालून विचारले. मी दिसले म्हणालो, आणि आम्ही परत फिरलो. पुढे गुडघे कुरकुरू लागल्यावर आबांचे ट्रकने जाणे थांबले. मग ते अधूनमधून म्हणत, "एकदा गर्दी नसताना तळ्याकाठी बसायचं हाय." असे कोणी वर्षातून दोनदा म्हणाले की त्याची सवय होऊन जाते. माझीही झाली होती. त्या हिवाळ्यात आबांच्या बरोबरीचा एक जुना सोबती गेला, आणि आबा मयतीहून आल्यावर हे वाक्य पुन्हा बोलले. या खेपेला मला ते नुसते ऐकून सोडून देता आले नाही.

आईने कडाडून विरोध केला. म्हाताऱ्याला शंभर सी.सी.च्या गाडीवर घाटातून नेणार, कंबर मोडली म्हणजे? एस.टी.ने न्या. शेवटी तोड निघाली ती अशी. मुक्काम बिरवाडीला माझ्या साडूंच्या घरी करायचा, ते तिकडच्या एम.आय.डी.सी.त कामाला आहेत. आबांना त्रास झालाच तर परतताना त्यांना महाडहून एस.टी.त बसवून द्यायचे. माझी शुक्रवारी दुसरी पाळी होती, त्यामुळे रजाही लागली नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. आबांना स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायला लावली. वारा अडवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही, आणि मोल रद्दीचे. हेल्मेट त्यांना नको होते, पण त्याशिवाय गाडी सुरू करणार नाही म्हटल्यावर घातले. कात्रजच्या नव्या बोगद्यातून साताऱ्याच्या महामार्गाला लागलो. कापूरहोळपर्यंत ट्रकांची साथ. तिथून उजवीकडे भोरचा रस्ता फुटतो आणि अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते. दोन्ही बाजूंना झाडे, मधेच उसाची गाडी, शाळेत निघालेल्या मुली. भोरच्या अलीकडे भाटघरचे धरण दिसते. १९२८ साली पूर्ण झालेली ती दगडी भिंत बघून आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गाडी थांबव म्हणायची ही त्यांची खूण. दिवसभरात ती थाप किती वेळा बसली याचा मी हिशेब ठेवला नाही.

भोरला चहा घेतला, टाकी भरली. पुढे घाट संपेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये.

भोरच्या पुढचा मुलूख म्हणजे जुना हिरडस मावळ. हिरड्याच्या झाडांवरून पडलेले नाव. निगुडघर मागे पडले की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला धरून चालतो. फेब्रुवारीत पाणी उतरू लागते आणि काठाने लाल मातीचा पट्टा उघडा पडतो, मापाने आखल्यासारखा. वळणावळणाला पाणी डावीकडे दिसते, लपते, पुन्हा दिसते. पानगळ झालेल्या झाडांत पांगारा मात्र लालभडक फुललेला. शेतांतून निळसर धूर उठत होता. भाताचे वाफे भाजायला पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. त्या धुराचा वास थंड हवेत जमिनीलगत रेंगाळतो, आणि मोटारीच्या बंद काचेआड बसणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. मोटारसायकलचे सुख हेच की हवा बदलली की ते आधी नाकाला आणि गुडघ्यांना कळते. ओढ्याच्या सखल भागात गारवा एकदम चावतो, चार पावले वर आलो की ऊन अंगाला लागते.

हिर्डोशीच्या आसपास रस्त्याच्या डागडुजीचे काम चालू होते. ड्रमखाली जाळ, डांबराचा वास, पायांना बारदान गुंडाळलेल्या दोन बाया घमेल्याने खडी टाकत होत्या, एक पोरगा झारीने डांबर शिंपडत होता. पाठीवर थाप बसली. आबा उतरून सरळ त्यांच्यात गेले. पाच मिनिटांत तिथे ओळखी निघाल्या. टोळी पाथर्डीकडची. मुकादमाने आबांच्या खिशाला लावलेला बाबासाहेबांचा बिल्ला पाहिला आणि "जय भीम, बाबा" म्हणाला. आबांनी खाली वाकून खडी हातात घेतली, दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहिले.

"खड्डा चौकोनी का न्हाई कापला?" त्यांनी विचारले.

मुकादम हसला. "येवढा येळ कोन देतंय?"

"गोल खड्ड्यात माल बसत न्हाई. पावसाळ्यात उखडंल."

त्यातल्या एका बाईने आम्हाला पाणी दिले. तिचे लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत झोपले होते. आबा त्या झोळीकडे बराच वेळ बघत होते. माझी थोरली बहीण अशाच झोळीत वाढली, हे मला ठाऊक आहे.

गाडी पुढे निघाल्यावर आबांचे तोंड सुटले, ते घाट उतरेपर्यंत मिटले नाही. मी या रस्त्याने चार-पाच वेळा गेलो होतो आणि स्वतःला जाणकार समजत होतो. पण मी झाडे आणि दरी बघत आलो होतो. रस्ता मी कधी बघितलाच नव्हता. आबा मागून सांगत होते. वळणावर रस्ता आतल्या बाजूला का कललेला असतो. डोंगराच्या कडेचे गटार बुजले की रस्ता का खचतो, कारण पाणी पृष्ठावरून वाहून जात नाही, पोटात शिरते. मोरी कुठे टाकायची हे कागदावर ठरत असले तरी पहिल्या पावसात ओढाच ते ठरवतो. दरीकडची दगडी भिंत दिसली की ते वाकून बघत. एका ठिकाणी उतरून त्यांनी भिंतीवर हात फिरवला. "दरजा बघ कशा भरल्यात. हाताचं काम हाय हे." इंग्रजी अमदानीपासूनचा हा घाट. पुढे कितीदा फोडला, रुंद केला, सावरला, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी हातांनी.

शिरगावच्या पुढे गाडीची चेन उतरली. चूक माझीच. मागे माणूस बसवून घाटात जायचे तर आदल्या रात्री चेन आवळून घ्यायला हवी होती, आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त. फिटर म्हणवतो आणि घरची गाडी तशीच. पाने जवळ होते म्हणून निभावले. अर्धा तास आम्ही रस्त्याच्या कडेला होतो. तेवढ्या वेळात दोनच गाड्या गेल्या, एक दुधाची टेम्पो आणि एक एस.टी., आणि दोन्ही थांबून "काय झालं?" विचारून गेल्या. ऑगस्टात दोनशे गेल्या असत्या, आणि थांबायला कोणाला जागाच मिळाली नसती. चेन चढवून हात मातीने पुसले तेव्हा लक्षात आले, कानाला एकही आवाज नाही. मग हळूहळू आवाज येऊ लागले. वाळक्या गवताचे, खाली दूर कुठेतरी कुऱ्हाडीचे.

या डोंगरांतच नीरेचा उगम आहे. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला, आणि पार पूर्वेच्या समुद्राला जातो. पलीकडे पडलेला सावित्रीतून उतरून थेट अरबी समुद्राला. मी हे आबांना सांगितले. त्यांनी विचारले, "मग आपल्या मागल्या सालच्या दुष्काळाला ह्यातलं काय आलं?" मला उत्तर देता आले नाही.

माथ्यावर वाघजाईच्या देवळाजवळ पावसाळ्यात भज्यांच्या टपऱ्यांची झुंबड असते. त्या दिवशी एकच टपरी उघडी होती, आणि माकडे. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, गिऱ्हाईक नसले तरी एस.टी.वाल्यांसाठी चहा ठेवावा लागतो. भजी तेवढ्यापुरती ताजी काढून दिली. कठड्यावर बसून खाल्ली. समोर कोकण खाली पसरलेले, एकामागे एक फिकट होत गेलेले डोंगर. कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातूनच इथे रस्ता काढला आहे, त्यामुळे आपण किल्ल्याच्या अंगावरच बसलेले असतो. आबांनी माकडाला भजे देऊ दिले नाही. "सवय लागती. मग पावसाळ्यात गाडीखाली येत्यात."

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. असे कोणी करू नये. ब्रेक एकसारखे दाबून तापतात आणि नेमक्या वळणाला दगा देतात. दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे, इंजिनालाच गाडी धरू द्यावी, ब्रेक नुसता हाताशी ठेवावा. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. कोरड्या दिवसांत घाट सोपा वाटतो, पण वळणाच्या बाहेरच्या बाजूला सुटी खडी गोळा झालेली असते. तिच्यावर पुढचे चाक गेले तर माणूस सावरत नाही.

उतरता उतरता थंडी मागे राहिली. पहिल्या काही वळणांत मी जर्किनची चेन उघडली, माझेरीच्या खाली आबांनी वर्तमानपत्र काढून घडी करून खिशात घातले. हवा दमट, कोमट. वरंध गाव मागे टाकून बिरवाडीकडे येताना आंब्याच्या मोहोराचा वास सुरू झाला. तासाभरात आम्ही एका ऋतूतून दुसऱ्यात आलो होतो.

महाडला पोचायला एक वाजला. चवदार तळ्याकाठी त्या वेळी किती माणसे असावीत? बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ एक झाडू मारणारा, पायरीवर डबा खात बसलेली दोन कॉलेजची मुले, सायकल फिरवणारा एक पोरगा. बस्स. तिथे काय घडले ते या पानाच्या वाचकाला मी सांगायला नको. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेने तळे कागदावर खुले केले, आणि तरी त्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पुढे कोर्टातला निकाल यायला १९३७.

आबांनी पुतळ्याला हार घातला, चपला काढल्या आणि पायऱ्या उतरून पाण्यालगत बसले. मी थोडा वर थांबलो. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले, डोक्यावरून हात फिरवला. मग नुसते बसून राहिले. मला वाटले दहा मिनिटे बसतील. पाऊण तास झाला. डबा खाणारी मुले उठून गेली. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या साली घाटावरची माणसं कुठल्या वाटेनं उतरली असतील रं? आपण आलो तिथूनच का?"

मी म्हणालो, काही उतरली असतील. आबा म्हणाले, "चालत," आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

संध्याकाळी साडूंबरोबर गांधारपाले लेणी बघून आलो. महामार्गाला लागूनच आहेत, पण पायऱ्या बऱ्याच चढाव्या लागतात. आबा गुडघ्यांवर हात ठेवून चढले. सावित्रीच्या खाडीतून वर आलेला माल महाडच्या बंदरातून घाटांकडे जात असे, त्या जुन्या वाटेवरची ही बौद्ध लेणी. एका लेण्यात कुमार काणभोज विष्णुपालित याचा शिलालेख आहे. आबा शिलालेखापाशी थांबले नाहीत. भिंतीवरचे छिन्नीचे घाव बोटांनी चाचपत ते खोलीभर फिरले आणि साडूंना म्हणाले, "डावखुरा व्हता ह्यो."

सकाळी मी एस.टी.चा विषय काढला. आबांनी तो ऐकलाच नाही, हेल्मेट घालून गाडीजवळ उभे राहिले. चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर घुरघुरत होती, काही वळणांवर पहिल्यावर. मी म्हणालो, गाडी म्हातारी झाली. आबा म्हणाले, "आपन दोघं बी तसंच हाय. दमानं घे."

हिर्डोशीला टोळी पुढे सरकली होती. कालची जागा काळीभोर, तिच्यावर बारीक कच टाकलेली. थाप बसली. आबा उतरले आणि त्या ठिगळांवरून एकेक करून चालत गेले, चपलेच्या टाचेने दाबून बघत. शेवटच्या ठिगळाशी थांबले आणि मला हात करून बोलावले. तेवढा एकच खड्डा चौकोनी कापलेला होता.

पुढच्या वळणावर टोळी दिसली. आबांनी चालत्या गाडीवरून हात वर केला, बायांनी घमेली खाली ठेवून हात केले. पंचिंगला मला सात मिनिटे उशीर झाला. अर्ध्या तासाचा पगार कापला गेला.